तिसरा हिस्सा : हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांचं आयुष्य आणि वसीयत

घरात मय्यत होते. दफन उरकतं, तीन दिवस पाहुण्यांची ये-जा चालते. मग चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी विषय काढतं की, अब्बा मशिदीसाठी काहीतरी द्या असं बोलले होते. मोठा भाऊ सांगतो की आपल्याला तर काही बोलले नाहीत. धाकटी बहीण सांगते की मशिदीसाठी नाही, मदरशासाठी म्हणाले होते. किती द्यायचं, कशातून द्यायचं, कोणी द्यायचं, काहीच ठरलेलं नसतं. कागद तर नसतोच. विषय तसाच राहतो आणि भावाबहिणींच्या मनात मात्र गाठ बसते.

काही घरांत याच्या उलट घडतं. शेवटच्या आजारपणात माणूस भावनेच्या भरात घर, जमीन, सगळंच नेक कामाला देऊन टाकायचं म्हणतो, आणि बायको-मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. नाही म्हणावं तर गुनाह वाटतो, हो म्हणावं तर उद्याची काळजी.

या दोन्ही प्रसंगांचं उत्तर आपल्याला चौदाशे वर्षांपूर्वी मक्केत, एका आजारी सहाबींच्या बिछान्यापाशी मिळालेलं आहे. वसीयत करताना मालमत्तेच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच दान करता येतं, हे आपल्यातल्या बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पण तो नियम कोणाच्या निमित्तानं सांगितला गेला आणि त्या माणसाचं पुढे काय झालं, ते फारसं सांगितलं जात नाही. म्हणून आज आम्ही हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांची जीवनकथा आपल्यासमोर मांडत आहोत.

बाण बनवणारा तरुण

साद (रजि.) हे मक्केतल्या कुरैश कबिल्याच्या बनू जोहरा या घराण्यातले. वडिलांचं नाव मालिक, पण ते अबू वक्कास या नावानेच ओळखले जात. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या मातोश्री हजरत आमिना याच घराण्यातल्या. त्या नात्याने प्रेषित (सल्ल.) साद (रजि.) यांना मामा म्हणत, आणि असा मामा दुसऱ्या कुणाला असेल तर दाखवावा, असं कौतुकानं बोलत.

तरुणपणी साद (रजि.) बाण बनवण्याचं काम करत. नेमबाजीत त्यांचा हात धरणारे फार थोडे होते. वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. तेव्हा ईमान आणलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकीच होती.

पहिली परीक्षा घरातच झाली. साद (रजि.) आईचे फार लाडके, आणि त्यांचाही आईवर तितकाच जीव. आई हमना यांनी हट्ट धरला की मुलगा जुन्या धर्मात परत येत नाही तोवर आपण अन्नपाण्याला शिवणार नाही. एक दिवस गेला, दुसरा गेला. आई अशक्त होत चालली. साद (रजि.) यांनी आईला शांतपणे समजावलं की तिला शंभर जीव असते आणि ते एकेक करून गेले असते, तरी आपण हा दीन सोडला नसता. मुलगा ऐकणार नाही हे पाहून शेवटी आईने खायला घेतलं.

सूरह लुकमान आणि सूरह अनकबूत या दोन्हींमध्ये आई-वडिलांविषयी जी ताकीद आहे, तिच्याशी हा प्रसंग जोडला जातो. आई-वडिलांनी अल्लाहसोबत दुसऱ्याला भागीदार करायला भाग पाडलं तर ऐकायचं नाही. पण सूरह लुकमानमध्ये लगेच हेही सांगितलं आहे की दुनियेत त्यांच्याशी चांगुलपणानेच राहायचं. अल्लाहचा हक्क एका बाजूला, घरच्यांचा हक्क दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही सांभाळायचे. साद (रजि.) यांच्या आयुष्यात हाच प्रश्न पुढे पुन्हा एकदा उभा राहणार होता, आणि त्या वेळी तो मालमत्तेचा होता.

बद्र आणि उहुद

मदिनेला हिजरत केल्यानंतर मुसलमानांची एक छोटी तुकडी राबिगच्या बाजूला गेली होती. तिथे कुरैशच्या लोकांवर पहिला बाण साद (रजि.) यांनी सोडला. अल्लाहच्या मार्गात पहिला बाण आपण चालवला, ही गोष्ट ते उतारवयातही अभिमानाने सांगत.

बद्रच्या लढाईला निघताना त्यांचा धाकटा भाऊ उमैर सैन्यात लपतछपत फिरत होता. वय सोळाच्या आसपास. लहान म्हणून परत पाठवतील ही त्याला भीती. तसंच झालं, प्रेषितांनी (सल्ल.) त्याला परत जायला सांगितलं. उमैर रडू लागला, तेव्हा परवानगी मिळाली. साद (रजि.) यांनी स्वतःच्या हाताने त्याच्या कमरेला तलवार बांधली. बद्रहून साद (रजि.) परतले, उमैर (रजि.) परतले नाहीत.

उहुदच्या दिवशी मुसलमानांची फळी विस्कटली तेव्हा प्रेषितांच्या (सल्ल.) भोवती जे मोजके लोक उरले, त्यांत साद (रजि.) होते. प्रेषित (सल्ल.) स्वतः त्यांच्या हातात बाण देत होते आणि आपले आई-वडील तुझ्यावर कुर्बान असं म्हणत होते. त्याच लढाईत साद (रजि.) यांचा भाऊ उतबा समोरच्या बाजूला होता, आणि प्रेषितांच्या (सल्ल.) चेहऱ्यावर जी जखम झाली ती त्याच्या दगडाने झाली. एक भाऊ बद्रला शहीद, दुसरा शत्रूच्या फळीत. रक्ताचं नातं माणसाला किती बाजूंनी ओढतं, हे साद (रजि.) यांच्याइतकं कुणाला कळलं असेल?

ज्या दहा सहाबींना याच दुनियेत जन्नतची खुशखबर मिळाली, त्यांत त्यांचं नाव आहे.

मक्केतलं आजारपण

हिजरी सन 10, म्हणजे इ.स. 632. प्रेषितांच्या (सल्ल.) अखेरच्या हजचं वर्ष. साद (रजि.) बरोबर होते. मक्केत ते इतके आजारी पडले की आता आपण वाचत नाही असं त्यांना वाटू लागलं. वय चाळिशीच्या आसपास. हाताशी चांगली मालमत्ता होती. अपत्य म्हणून एकच मुलगी.

त्यांना आणखी एक दुःख होतं. ज्या मक्केतून अल्लाहसाठी हिजरत केली, त्याच मक्केत मरण आलं तर आपली हिजरत अपुरी तर राहणार नाही ना, ही ती हुरहूर.

प्रेषित (सल्ल.) भेटायला आले. साद (रजि.) यांनी मनातली गोष्ट सांगितली. आपल्याकडे माल भरपूर आहे आणि मागे एक मुलगीच आहे, तेव्हा दोन तृतीयांश मालमत्ता सदका करून टाकू का, असं विचारलं. प्रेषितांनी (सल्ल.) नाही म्हटलं. मग निम्मी? तरीही नाही. मग तिसरा हिस्सा? यावर प्रेषितांनी (सल्ल.) तिसऱ्या हिश्श्याला परवानगी दिली, आणि तिसरा हिस्सासुद्धा पुष्कळ झाला, असं सांगितलं.

कारणही सांगितलं. मागे राहणारे वारस खाऊन-पिऊन सुखी असणं हे ते लोकांपुढे हात पसरत फिरण्यापेक्षा चांगलं आहे. आणि अल्लाहच्या राजीखुशीसाठी माणूस जो जो खर्च करतो, त्याचा सवाब त्याला मिळतो, अगदी बायकोच्या तोंडात भरवलेल्या घासाचाही.

इथे आपण क्षणभर थांबायला हवं. विचारणारा कोण होता? जन्नतची खुशखबर मिळालेला, पहिला बाण चालवणारा सहाबी. देणार कुठे होता? अल्लाहच्या मार्गात. हेतूत कुठे खोट नव्हती. तरीही त्यांचा हात धरून थांबवलं गेलं, कारण त्या मालावर आता मुलीचाही हक्क होता. आपण घरच्यांसाठी ठेवतो ती दुनियादारी आणि मशिदीला देतो ते दीनचं काम, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. ती वाटणी त्या दिवशी प्रेषितांनी (सल्ल.) पुसून टाकली. बायकोचा घास सवाबाच्या वहीत गेला.

मग प्रेषितांनी (सल्ल.) साद (रजि.) यांच्या कपाळावर हात ठेवला, चेहऱ्यावरून आणि पोटावरून फिरवला, त्यांना बरं वाटावं आणि त्यांची हिजरत पूर्ण व्हावी म्हणून दुआ केली. तुम्ही कदाचित पुष्कळ जगाल, काही लोकांना तुमच्यामुळे फायदा होईल तर काहींचं नुकसान, असंही सांगितलं. त्या हाताचा गारवा आपल्या काळजाला अजून जाणवतो, असं साद (रजि.) पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले.

पुढची चाळीस वर्षं

साद (रजि.) बरे झाले. आणि नुसते बरे झाले नाहीत, त्यानंतर चाळीसहून अधिक वर्षं जगले.

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत इराणच्या बलाढ्य साम्राज्याशी सामना करायला त्यांनाच सेनापती म्हणून पाठवलं गेलं. कादिसियाच्या लढाईच्या वेळी, इ.स. 636 च्या सुमारास, अंगावर उठलेल्या फोडांमुळे त्यांना घोड्यावर बसता येईना. किल्ल्याच्या छतावर उशीला छाती टेकून, पालथे पडून, ते खालची लढाई बघत होते आणि चिठ्ठ्या लिहून हुकूम पाठवत होते. इराणचा सेनापती रुस्तम मारला गेला. पुढच्याच वर्षी सैन्याने पुराच्या पाण्यात घोडे घालून दजला नदी ओलांडली आणि राजधानी मदाईन हाती आली. इराकमध्ये कूफा शहर वसवलं तेही साद (रजि.) यांनीच. काहींना फायदा आणि काहींचं नुकसान, ही गोष्ट अशी खरी ठरली.

कूफाच्या काही लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या. साद (रजि.) यांना धड नमाजही पढवता येत नाही, इथपर्यंत मजल गेली. हजरत उमर (रजि.) यांनी माणसं पाठवून मशिदी-मशिदींत चौकशी केली आणि त्यांना पदावरून दूर केलं. पण हिजरी 23 मध्ये स्वतः मृत्युशय्येवर असताना खलिफा निवडण्यासाठी जे सहा जण त्यांनी नेमले, त्यांत साद (रजि.) यांचं नाव घातलं. त्यांना काढलं ते नालायकी किंवा बेइमानीमुळे नाही, आणि पुढच्या खलिफाने त्यांची मदत घ्यावी, हेही सांगून ठेवलं. ही हजरत उमर (रजि.) यांची वसीयतच होती. पैसाच नव्हे, एखाद्याची इज्जतही वसीयतीत सांभाळता येते.

हजरत उस्मान (रजि.) यांच्या शहादतीनंतर मुसलमानांमध्ये आपसांतच तलवारी निघाल्या. साद (रजि.) त्यातून बाजूला झाले. शहराबाहेर आपल्या उंटांच्या कळपात राहू लागले. मुलगा उमर त्यांना शोधत आला आणि लोक सत्तेसाठी भांडत असताना तुम्ही इथे काय करताय, असं विचारू लागला. साद (रजि.) यांनी त्याच्या छातीवर थाप मारून त्याला गप्प केलं. परहेजगार, कुणापुढे हात न पसरणारा आणि गाजावाजा न करता राहणारा बंदा अल्लाहला आवडतो, हे त्यांनी प्रेषितांकडून (सल्ल.) ऐकलं होतं.

जी मुलं तेव्हा जन्मलीही नव्हती

आता परत त्या बिछान्याकडे येऊ. आजारपणात साद (रजि.) यांना एकच मुलगी होती. पुढच्या काळात त्यांना बरीच मुलं-मुली झाली. त्यांतल्या आमिर बिन साद आणि मुसअब बिन साद यांनी वडिलांकडून हदीस शिकल्या. मुलगी आयशा बिन्ते साद यांनीही हदीस सांगितल्या. तिसऱ्या हिश्श्याची ही हदीस आपल्यापर्यंत पोहोचली ती याच मुलांच्या तोंडून. म्हणजे ज्या दिवशी वडील जवळजवळ सगळं देऊन टाकायला निघाले होते, त्या दिवशी जी मुलं जन्मलीही नव्हती, त्यांनीच ती हकीकत उम्मतला सांगितली. आपण किती जगणार आणि आपल्या मागे कोण कोण असणार, हे माणसाला कुठे ठाऊक असतं?

हिजरी 55 च्या सुमारास, वयाची ऐंशी पार केल्यावर, मदिनेजवळच्या अकीक इथल्या आपल्या घरी साद (रजि.) यांचा अंत जवळ आला. डोकं मुलगा मुसअब यांच्या मांडीवर होतं. मुलाला रडू आवरेना, तर वडीलच त्याला धीर देत होते. त्यांनी एक जुना लोकरीचा जुब्बा मागवला. बद्रच्या दिवशी तो अंगावर होता, आणि याच दिवसासाठी जपून ठेवला होता. त्यातच कफन द्यावं असं सांगितलं. कबर प्रेषितांच्या (सल्ल.) कबरीसारखी लहद करावी आणि वर कच्च्या विटा लावाव्यात, हेही सांगितलं.

लोकांनी खांद्यावर जनाजा मदिनेला आणला. उम्महातुल मोमिनीन यांनी तो मशिदीत आणवून घेतला आणि नमाज अदा केली. जन्नतुल बकीमध्ये दफन झालं. दहा जणांपैकी दुनिया सोडणारे ते शेवटचे. मागे अडीच लाख दिरहम राहिल्याची नोंद जुन्या चरित्रांत आहे. एवढा माल असून अंगावर जुना जुब्बा, आणि बाकी वारसांना त्यांच्या हक्काप्रमाणे.

एक कडू गोष्टही सांगायला हवी. उंटांच्या कळपात वडिलांना सत्तेची आठवण करून द्यायला आलेला तो मुलगा उमर बिन साद. हिजरी 61 मध्ये करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन (रजि.) यांच्यासमोर उभ्या असलेल्या फौजेचा तो सरदार होता. बापाला मुलांसाठी माल ठेवता येतो, समज ठेवता येत नाही. आमिर आणि मुसअब यांनी वडिलांचं इल्म घेतलं, उमरने सत्तेचा मोह धरला. वारसाहक्क वाटून देता येतो, नेकी वाटून देता येत नाही. म्हणूनही तो तिसरा हिस्सा महत्त्वाचा. तेवढी एक गोष्ट माणूस स्वतःच्या हाताने पुढे पाठवू शकतो.

आपल्या घरात काय करायचं

कोकणातले शाफई असोत, देशावरचे हनफी असोत, तिसऱ्या हिश्श्याच्या मर्यादेबद्दल मतभेद नाही. आपल्या देशातल्या मुस्लिम वैयक्तिक कायद्यातही हीच मर्यादा आहे. हिशेब सोपा आहे. आधी कफन-दफनाचा खर्च, मग सगळं कर्ज. बायकोचा न दिलेला मेहेरही कर्जच असतो, हे आपण हमखास विसरतो. ते सगळं फेडून जे उरेल, त्याचा तिसरा हिस्सा. समजा एकूण मालमत्ता 30 लाखांची आणि कर्ज, मेहेर, दफनखर्च मिळून 3 लाख. उरले 27 लाख. त्यातून जास्तीत जास्त 9 लाखांची वसीयत करता येते. बाकी 18 लाख वारसांचे. तिसऱ्या हिश्श्याहून जास्त द्यायचं असेल तर वारसांची राजीखुशी लागते. शेवटच्या आजारात दिलेली बक्षीसही याच मर्यादेत मोजली जाते, कारण साद (रजि.) यांचा प्रश्न आजारपणातलाच होता.

तिसरा हिस्सा ही हद्द आहे, तो पूर्ण दिलाच पाहिजे असं नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना वाटे की लोकांनी चौथ्या हिश्श्यावर यावं, कारण प्रेषितांनी (सल्ल.) तिसऱ्यालाही पुष्कळ म्हटलं होतं. घर गरीब असेल, मुलं लहान असतील, तर थोडं द्यावं किंवा देऊही नये. वारस सुखी असतील तर यतीम, विधवा, मदरसा, दवाखाना, एखाद्या गरीब मुलीचं शिक्षण, जे मनात असेल त्यासाठी ठेवावं. आणि वारसांपैकीच एकाला वसीयतीने जास्त देऊन बाकीच्यांना कमी करण्याचा मार्ग सुन्नी फिकहमध्ये बाकी वारसांच्या संमतीशिवाय खुला नाही.

तोंडी वसीयतही वैध असते, पण तोंडी गोष्टीचं काय होतं ते सुरुवातीला सांगितलंच आहे. साध्या कागदावर लिहावं, तारीख घालावी, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. रक्कम किंवा हिस्सा आणि संस्थेचं पूर्ण नाव स्पष्ट लिहावं. अंमल कोणी करायचा तेही लिहावं. हवं तर दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी करावी. जिवंत असेपर्यंत ती कधीही बदलता येते, म्हणून लिहायला घाबरायचं कारण नाही. एकदा आलिम आणि वकील दोघांनाही कागद दाखवून घ्यावा. ज्याच्याकडे वसीयत करण्यासारखं काही आहे त्याने ती लिहून न ठेवता दोन रात्रीही घालवू नयेत, अशी प्रेषितांची (सल्ल.) ताकीद हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सांगितली आहे.

आम्ही हे लिहिता लिहिता स्वतःलाच विचारलं की आपला कागद तयार आहे का. उत्तर द्यायला जीभ अडखळली. म्हणून आज रात्री इशानंतर आम्ही कागद घेऊन बसणार आहोत, घरच्यांना समोर बसवून. आपणही बसावं. साद (रजि.) यांना आणखी चाळीस वर्षं मिळाली, आपल्याला किती मिळतील हे अल्लाहलाच माहीत. अल्लाह आपल्याला देण्याची तौफीक देवो, आणि कुठे थांबायचं त्याची समजही देवो. आमीन.